पार्श्वभूमी : कॅथारांच्या नावाचे, राजाने बांधलेले गड

पिरेनीज पर्वताच्या अलीकडे, फ्रान्सच्या ओद जिल्ह्यात कॉर्बिएर नावाचा चुनखडीचा डोंगराळ मुलूख आहे. खाली द्राक्षमळे, मधल्या उतारांवर खुरटे काटेरी रान आणि कड्यांच्या धारेवर गड. महामार्गाकडेचे तपकिरी फलक या भागाला ‘पेई कातार’, म्हणजे कॅथार या मध्ययुगीन ख्रिस्ती पंथाचा मुलूख, म्हणतात आणि इथल्या गडांना सरसकट ‘कॅथार गड’ म्हटले जाते. पण आज आपण ज्या तटाला हात लावतो, तो बहुतेक ठिकाणी कॅथारांच्या काळातला नाही. त्यांचा पाडाव झाल्यावर फ्रान्सच्या राजाने वेगळ्याच शत्रूसाठी तो बांधला. हे ठाऊक नसले की लोक गडावर जाऊन नसलेल्या गोष्टी शोधत बसतात.

‘कॅथार’ हे नावही त्या लोकांचे स्वतःचे नव्हे. 1163च्या सुमारास राईनकाठच्या एका जर्मन धर्मगुरूने तिथल्या पाखंड्यांसाठी ते वापरले. लाँगदॉक या दक्षिण फ्रान्समधल्या प्रांतातले अनुयायी स्वतःला ‘भले ख्रिस्ती’ म्हणवत आणि लोक त्यांच्या व्रतस्थांना ‘भली माणसे’ म्हणत. दृश्य जग दुष्ट शक्तीची निर्मिती आहे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून व्रतस्थांना मांस, अंडी, दूध वर्ज्य होते, शपथ घेणेही वर्ज्य होते. चर्चचे संस्कार त्यांना मान्य नव्हते. हा पंथ खरोखर किती संघटित होता यावर इतिहासकारांत आजही कडाक्याचा वाद चालतो. गड पाहणाऱ्याला त्यातली एकच गोष्ट कामाची: या लोकांनी गड बांधले नाहीत. गड होते स्थानिक सरदारांचे. त्यांतल्या काहींनी या मंडळींना आसरा दिला, एवढाच संबंध.

जानेवारी 1208 मध्ये पोपचा दूत प्येर द कास्तेलनो याचा खून झाला आणि पोप तिसरा इनोसंट याने थेट ख्रिस्ती मुलखातच धर्मयुद्ध पुकारले. 22 जुलै 1209 रोजी बेझिए शहर कापून काढले गेले. ऑगस्टमध्ये कार्कासोन शरण आले आणि तिथला तरुण सरदार रेमाँ-रोजे त्राँकाव्हेल त्याच वर्षी कैदेत मेला. मोहिमेची सूत्रे सिमाँ द माँफोर या उत्तरेकडच्या सरदाराकडे गेली. 1210 मध्ये त्याने तेर्मचा गड चार महिने वेढला. हा वेढा नीट समजून घ्यावा, कारण या मुलखातल्या सगळ्या गडांचे दुखणे त्यात दिसते. चुनखडीत पाणी टिकत नाही, खाली मुरून जाते. गडावर झरा नसतो, सगळी भिस्त पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर. तेर्मची टाकी आटली आणि लोक वाटाघाटीला तयार झाले. तेवढ्यात पाऊस आला, टाकी भरली, त्यांनी बेत बदलला. पण त्या पाण्याने हगवण पसरली आणि गड पडला. त्याच वर्षी मिनर्व्ह पाण्यावाचून पडले आणि तिथे सुमारे 140 जणांना जाळण्यात आले. सह्याद्रीतल्या गडांवर हिंडलेल्या माणसाला टाक्यांचे हे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पुढची तीस वर्षे हार-जीत चालू राहिली. सिमाँ 1218 मध्ये तुलूझच्या वेढ्यात मारला गेला. 1229च्या तहाने तुलूझचा काउंट फ्रान्सच्या राजापुढे नमला. 1240 मध्ये मृत त्राँकाव्हेलच्या मुलाने कार्कासोन परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्याच वर्षी पेयरपेर्त्यूजचा गड राजाच्या ताब्यात गेला. मे 1243 मध्ये मोंसेग्यूरला वेढा पडला. 16 मार्च 1244 रोजी दोनशेहून अधिक स्त्री-पुरुष तिथे आगीत गेले. 1255 मध्ये केरिब्यूस पडले आणि या बाजूचा प्रतिकार संपला.

या लढायांमधले गड दिसायला आजच्यासारखे नव्हते. तेव्हाच्या गडाला लॅटिनमध्ये ‘कास्त्रुम’ म्हणत. म्हणजे सरदाराचा मनोरा आणि त्याला बिलगून उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले, तटाआत घेतलेले गाव. घरे, भट्ट्या, साठवणीचे खड्डे, गल्ल्या, सगळे त्यात. लास्तूर इथे उत्खननात असे गाव उघडे पडले आहे. तिथे धारेवरच्या चार मनोऱ्यांकडे सगळ्यांची नजर जाते, कारण छायाचित्रात तेच येतात. पण ते राजाच्या काळातले आहेत. एकाचे तर नावच ‘राणीचा मनोरा’. युद्धाआधीचे लास्तूर पाहायचे तर नजर खाली, उतारावरच्या घरांच्या जोत्यांकडे वळवावी लागते. मोंसेग्यूरचेही तेच. 1244 नंतर तिथले गाव उठवले गेले आणि मुलूख ज्या लेव्ही घराण्याला मिळाला, त्याने नवा गड बांधला. 1,207 मीटर उंचीवर आज दिसतो तो हाच. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी इथल्या जंग्यांतून, म्हणजे बाण सोडायच्या फटींतून, सूर्यकिरण आरपार जातात म्हणून हे कॅथारांचे सूर्यमंदिर होते, अशी कथा विसाव्या शतकात फार पसरली. किरण जातात हे खरे. पण त्या भिंती उठल्या तेव्हा तिथे कॅथार उरलेच नव्हते.

आता खरा कलाटणीचा क्षण. 11 मे 1258 रोजी कोर्बेय इथे फ्रान्सचा राजा नववा लुई आणि पिरेनीजपलीकडच्या आरागॉनचा राजा पहिला जेम्स यांच्यात तह झाला. लुईने कॅटलोनियावरचा जुना हक्क सोडला, जेम्सने लाँगदॉकमधले बहुतेक दावे सोडले. कॉर्बिएरची दक्षिण कड ही दोन राज्यांमधली सरहद्द ठरली आणि पाच गड एकदम मोक्याचे झाले: आगिलार, तेर्म, केरिब्यूस, पेयरपेर्त्यूज आणि प्विलोरांस. यांना ‘कार्कासोनची पाच मुले’ म्हणतात, कारण ते कार्कासोनच्या राजप्रतिनिधीच्या हुकमतीखाली होते. रसद आणि पगार तिथून येई. प्रत्येक गडावर एक गडकरी, एक धर्मगुरू, द्वारपाल, पहारेकरी आणि थोडेथोडके शिपाई, बस्स. तट एवढा अवाढव्य आणि माणसे मूठभर, यात विसंगती नाही. मोठी फौज इथे ठेवायचीच नव्हती. वेढा पडला तर मदत येईपर्यंत तग धरायचा आणि एरवी सरहद्दीपलीकडच्या रूसियों मैदानावर नजर ठेवायची, इतकेच काम.

ही राजाची बांधणी ओळखायला फार अभ्यास लागत नाही. जुन्या भिंतींत लहान, ओबडधोबड दगड चुन्यात बसवलेले दिसतात. राजाच्या काळात घडीव चिरे येतात आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या कडा तासून मधला भाग मुद्दाम फुगीर ठेवलेला असतो. असा फुगीर चिरा कार्कासोनमध्येही दिसला की ते काम नवव्या लुईचा मुलगा तिसरा फिलिप याच्या काळातले किंवा त्यानंतरचे समजावे. कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि त्यांत बाण सोडायच्या उंच, अरुंद जंग्या, ही राजाच्या कारागिरांची ठरीव पद्धत होती. आगिलारचा बाहेरचा षट्कोनी तट आणि त्याच्या सहा कोपऱ्यांवरचे बुरूज हा तिचा स्वच्छ नमुना. प्विलोरांसला चढणीच्या वाटेवर आडव्या भिंती घालून वाट नागमोडी केली आहे. वर येणारा प्रत्येक वळणावर वरच्यांच्या माऱ्यात सापडतो. पेयरपेर्त्यूज सुमारे 800 मीटर उंचीच्या धारेवर 300 मीटर पसरले आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, मुख्य गडाच्याही वर, राजाने सान जोर्दी हा बालेकिल्ला उठवला. तिथे नेणारा जिना थेट कड्यात खोदला आहे. तो ‘संत लुईचा जिना’. संत लुई म्हणजे नववा लुईच.

7 नोव्हेंबर 1659 च्या पिरेनीजच्या तहाने रूसियों फ्रान्सला मिळाले आणि सरहद्द दक्षिणेला पर्वताच्या माथ्यावर सरकली. पाचही गडांचे काम एका सहीने संपले. तेर्म तर त्याआधीच, 1653-54 मध्ये, राजाच्या हुकमाने सुरुंग लावून उडवले गेले होते, कारण तिथली शिबंदी आसपासच्या गावांना लुटू लागली होती. बाकीचे हळूहळू ओस पडले.

ऐतिहासिक वास्तूंसाठी फ्रान्समध्ये 1830 मध्ये महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले, 1834 मध्ये लेखक प्रोस्पेर मेरिमे त्यावर आला आणि 1840 मध्ये संरक्षित वास्तूंची पहिली यादी निघाली. कार्कासोनच्या तटाचे काम वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूकने 1853 पासून हाती घेतले. त्याने बुरुजांना टोकदार, पाटीच्या दगडाची छपरे दिली. ही उत्तर फ्रान्सची चाल आहे, इथली नाही, म्हणून त्याच्यावर तेव्हाही टीका झाली. डोंगरावरच्या गडांना असे कोणी सजवले नाही आणि ते बरेच झाले. तिथे पडझड थांबवणारी डागडुजी झाली, त्यामुळे मूळ काम वाचता येते.

मग यांना कॅथारांचे नाव कसे चिकटले? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेच्या अस्मितेला एक शोकांतिका हवी होती, ती मोंसेग्यूरने पुरवली. 1960 मध्ये गडाच्या पायथ्याच्या ‘जाळलेल्यांच्या कुरणात’ स्मृतिशिला उभी राहिली. 1966 मध्ये दूरचित्रवाणीवर या विषयाचे नाट्यरूप आले आणि गर्दी वाढली. पुढे द्राक्षांवर जगणाऱ्या ओद जिल्ह्याने पर्यटनासाठी ‘पेई कातार’ ही नाममुद्राच तयार केली. गंमत अशी की, जागतिक वारशाच्या प्रस्तावात हेच पाच गड, लास्तूर, मोंसेग्यूर आणि कार्कासोन एकत्र आले, ते कॅथारांच्या नावाने नव्हे, तर कार्कासोनच्या राजेशाही दुर्गव्यवस्थेच्या नावाने.

या गडांना जोडणारी ‘सांतिए कातार’ ही पायवाट त्या मानाने कालची. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांची राष्ट्रीय समिती 1947 मध्ये स्थापन झाली आणि पांढरा पट्टा वर, लाल खाली ही खूण रुजली. 1983 च्या कायद्याने ग्रामीण पायवाटांची नोंद जिल्ह्यांकडे सोपवली. नोंदलेली वाट विकायची तर तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट द्यावी लागते. जमिनींच्या एकत्रीकरणात हजारो पाणंदी नांगरल्या गेल्यावर सुचलेले हे शहाणपण.

ही वाट भूमध्य समुद्राकाठच्या पोर-ला-नूव्हेलपासून फ्वा शहरापर्यंत सुमारे 250 किलोमीटर जाते आणि साधारण 12 मुक्कामांत होते. आजचा तिचा क्रमांक 367. जुन्या पुस्तकांत निळ्या-पिवळ्या खुणा सांगितलेल्या आढळतील. आता पांढऱ्या-लाल पाहायच्या. दोन्ही रंगांची फुली दिसली की वाट चुकली, मागे फिरायचे. नुसता पिवळा पट्टा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, तो धरून पुढच्या मुक्कामाला पोहोचता येत नाही. नकाशा 1:25,000 चा घ्यावा. त्यावर 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर.

ज्यांना एवढे चालायचे नाही त्यांनी क्युक्युन्याँ गावात राहावे. केरिब्यूस आणि पेयरपेर्त्यूज दोन्ही तिथून जवळ आहेत. तिकीटघरापासून चढ वीस-तीस मिनिटांचा. राजगड-तोरण्याची सवय असलेल्यांना तो फारच किरकोळ वाटेल आणि घात तिथेच होतो. हजारो पावलांनी चुनखडीच्या पायऱ्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. ओल असली की सपाट तळव्याचे बूट हमखास घसरतात. वायव्येकडून येणारा ‘त्रामोंतान’ वारा धारेवर माणसाला ढकलतो. तो जोराचा असला की संत लुईचा जिना, कधी पूर्ण गडच बंद ठेवतात. वादळी ढग दिसले तर निघावे. उघड्या धारेवर विजेपासून आडोसा नाही.

पाणी माणशी किमान 2 लिटर सोबत हवे, उन्हाळ्यात 3. तेर्मला नडले तेच पाणी आजही नडते: नकाशावरचा ओढा जुलैत बहुधा कोरडा असतो. गावातली दुकाने दुपारी दोन-तीन तास बंद आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही बंद. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा रानडुकरांच्या शिकारीचा मुख्य हंगाम असतो, पण ती त्याच्या अलीकडे-पलीकडेही चालते. वाटेवर हाकाऱ्याचा फलक लागलेला असला तर भडक रंगाचे कपडे घालून, मोठ्याने बोलत जावे. मोंसेग्यूरकडच्या कुरणांत मेंढ्यांसोबत मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. धावायचे नाही, काठी उगारायची नाही, कळपाला लांबून वळसा घालायचा.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारसा दिन पाळतात. तेव्हा एरवी बंद असलेल्या अनेक वास्तू उघडतात. हवामान आणि गर्दी दोन्ही बघता मे किंवा हाच महिना बरा. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्याच्या धोक्यामुळे जिल्हा प्रशासन डोंगरभागातला प्रवेश त्या त्या दिवसाच्या धोक्यानुसार बंद करते. ऑगस्ट 2025 मध्ये कॉर्बिएरमध्ये सुमारे 16 हजार हेक्टरांवरून वणवा फिरला, त्यामुळे ही बंदी आता कोणी सैल घेत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बंद भागांचा नकाशा आदल्या संध्याकाळी जाहीर होतो; तो पाहूनच मुक्काम हलवावा.