घरातल्या 'त्या' माणसाचे कागद
(जुन्या नोंदींचा शोध घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी पूर्वज शोधायला म्हणून येत नाहीत. जातपडताळणीसाठी पणजोबांची नोंद हवी असते, नाहीतर भाऊबंदकीच्या दाव्यात वंशावळ लागते. कागद निघू लागले की मग कुणीतरी हळूच विचारतं, "आमच्यात एक जण होता. त्याचं काही सापडेल का?" घरात त्याचं नाव घेत नाहीत. आजी असलीच तर अहिराणीत एवढंच म्हणते, "त्यानं नाव काढू नको, भाऊ." जमीन घालवली, कुणाला तरी मारलं, तुरुंगात गेला, सुरतेकडे पळाला, यातलं काहीतरी कानावर असतं. पुरतं कुणालाच माहीत नसतं.

अशा माणसाचा शोध आम्ही घेतो आणि तो बऱ्याचदा लागतो. सरळ वागून गेलेल्या माणसाच्या मागे फार तर तीन नोंदी राहतात: जन्माची, वारसाची आणि मृत्यूची. ज्याच्यामुळे तंटा झाला त्याच्यावर मात्र फिर्याद होते, जबाब होतात, साक्षीदारांची नावं येतात, निकाल लागतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या खानदेशातल्या सामान्य माणसाचं बोलणं आज कुठे वाचायला मिळत असेल, तर ते अशा जबाबांतच.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. हे कागद त्याने लिहिलेले नाहीत. ते सावकाराने, पोलिसाने, कारकुनाने किंवा रागावलेल्या भावाने लिहिलेले आहेत. फिर्यादीत 'चोर' लिहिलंय एवढ्यावर तो चोर ठरत नाही. निकालपत्र पाहावं लागतं. खानदेशात तर हे फारच जपून करावं लागतं. १८५२ साली सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल भागात लोकांनी सरकारी जमीन मोजणीला विरोध केला तेव्हा सरकारच्या लेखी ते दंगेखोर होते. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटात खजिना लुटणारा खाज्या नाईक इंग्रजी कागदांत दरोडेखोर आहे. १९४४ साली चिमठाण्याचा सरकारी खजिना लुटणारे क्रांतिकारकही फौजदारी भाषेत दरोडेखोरच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर कित्येक जमातींच्या माणसांना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याखालची नोंद सापडली की आजही घरातली माणसं खाली मान घालतात. मान खाली घालण्याचं त्यात काहीही नाही, हे आम्ही दर वेळी सांगतो.

कागद कुठे असतात

आधी जिल्हा नीट ठरवावा लागतो. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणं धुळे. त्या साली पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणून तुमचं गाव रावेर तालुक्यात असलं तरी १९०६ पूर्वीच्या प्रकरणासाठी आम्ही आधी धुळे गाठतो. मालेगाव, बागलाण, नांदगाव हेही १८६९ पर्यंत खानदेशातच होते, ते नाशिक जिल्ह्यात नंतर गेले. बऱ्हाणपूरकडे सोयरिक असेल तर मध्य प्रदेशात जावं लागतं.

गावपातळीवर सर्वांत उपयोगी पडतो तो गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात तो. त्यात जन्ममृत्यू आहेत, बापाचं नाव आहे, जात आहे. जमिनीसाठी जुने फेरफार, आणि सूडपत्रक, कडईपत्रक, आकारबंद ही जमीन-महसुलाची जुनी पत्रकं. यातले काही आता ई-अभिलेख संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, बाकीच्यांसाठी तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करावा लागतो. गहाणखत आणि खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाकडे जायचं: सूची क्रमांक १ नावावरून, सूची क्रमांक २ मिळकतीवरून.

कोर्टाच्या कागदांबद्दल स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. कोर्टात सगळे कागद कायम ठेवत नाहीत. ठरावीक मुदतीनंतर साक्षी, अर्ज, समन्स यांची विल्हेवाट लावतात. निकालपत्र आणि हुकूमनामा (दाव्यातला अंतिम आदेश) त्यामानाने जास्त टिकतात. किरकोळ मारामारीचं मॅजिस्ट्रेटपुढचं प्रकरण शंभर वर्षांनी मिळणं कठीण, सत्र न्यायालयातल्या खुनाच्या खटल्याचा निकाल मिळण्याची शक्यता बरी. अपील झालं असेल तर मुंबईचा रस्ता धरायचा. उच्च न्यायालय १८६२ चं आहे. खालच्या कोर्टात फाइल नसेल तरी दाव्यांच्या रजिस्टरात एक ओळ असू शकते, आणि ती ओळसुद्धा सोन्यासारखी असते. १८१८ पूर्वीचं काही हवं असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर.

वाचताना काय अडतं

जुना कागद बहुधा मोडीत असतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरं लोंबकळत लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, अशी ही लिपी. आडनाव क्वचितच असतं. 'अमुक वलद तमुक', 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा. 'कोम' म्हणजे बायको. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या ('अज्ञान') मुलाचा पालक. सनावळ्यांचाही गुंता आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, व्यापाऱ्यांच्या वह्यांतल्या संवतातून ५७ वजा करावे लागतात, महसुली कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवायचे, आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात आहोत त्यावर एकाचा फरक पडतो. लिहिता न येणाऱ्याची सही म्हणजे खूण: कुणब्याची नांगर, बाईची बांगडी.

एका गावात एकाच नावाची दोन-तीन माणसं सर्रास असतात. सुरुवातीच्या काळात आम्ही एका कुटुंबाला शेजारच्या घरातल्या माणसाचा गुन्हा त्यांच्या पणजोबांचा म्हणून सांगून बसलो होतो. बापाचं नावही तेच होतं. चूक कळल्यावर त्यांच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, पण मधले चार महिने त्या माणसांनी जे सोसलं ते परत करता आलं नाही. तेव्हापासून बापाच्या नावाशिवाय आणखी एक धागा, सर्व्हे नंबर म्हणा, भावाचं नाव म्हणा, जुळल्याशिवाय आम्ही नाव सांगत नाही.

एक प्रकरण

कुटुंबाच्या परवानगीने, नावं गाळून सांगतो. चोपडा तालुक्यातलं घर. पणजोबांच्या धाकट्या भावाने दारूत सात बिघे घालवले आणि तो पळून गेला, अशी चार पिढ्यांची समजूत. सूचीवरून गहाणखत सापडलं. साल संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. लिहून देणार म्हणून नाव थोरल्याचं, 'खुद्द व अज्ञान भाऊ याचे पालनकर्ते'. खाली निशाणी नांगर. म्हणजे कर्ज पणजोबांनी काढलेलं होतं आणि धाकटा तेव्हा मिसरूड न फुटलेला पोर होता. दुष्काळात घर जगवायला काढलेलं कर्ज, त्यात थोरल्याचा तरी काय दोष?

पुढे सावकाराने हुकूमनामा मिळवला, त्याच्या वसुलीची दरखास्त दाखल झाली, लिलाव पुकारला. जप्तीच्या दिवशी धाकट्याने सावकाराच्या कारकुनाला काठीने मारलं. सक्तमजुरी झाली. त्या कारकुनाचा हात कायमचा अधू झाला, हे निकालपत्रात आहे, आणि तेही आम्ही घरच्यांना वाचून दाखवलं.

सुटल्यावर तो गावात आलाच नाही. जमीन नाही म्हणून फेरफारात नाव नाही. शेवटी त्र्यंबकेश्वरला त्यांच्या तीर्थोपाध्यायांची वही उघडली. या वह्या गाव आणि कुळ यांवरून लावलेल्या असतात आणि कोण कधी कशासाठी आलं ते त्यांत लिहिलेलं असतं. थोरला वारल्यानंतर दुसऱ्या वर्षी धाकटा आला होता, मुक्काम सुरतेकडचा, 'बंधूचे श्राद्धास'. खाली निशाणी नांगर. जमीन जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी खूण त्याने नांगराचीच काढली होती. ही ओळ वाचताना त्या घरातले सत्तरीचे काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पुन्हा एकदा वाचा.

आमची पद्धत

शोधाला निघण्याआधी तुम्ही ऐकलेलं सगळं आम्ही लिहून घेतो, वाईट वाटणारंही. काही लपवलंत तर शोध चुकीच्या तालुक्यात जातो. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईशी बोलू द्या. माहेरचं गाव, सोयरे, कोण कुणाकडे राहायला गेलं, हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. फी दिवसांच्या हिशेबाने आणि आधी सांगून. सरकारी नक्कल फी वेगळी, पावतीसह. काही सापडलं नाही तर कुठे कुठे पाहिलं याची लेखी यादी मिळते, म्हणजे पुढच्या माणसाला तेच दप्तर पुन्हा उपसावं लागत नाही. सापडलेलं आधी फक्त अर्ज करणाऱ्याला सांगतो. भाऊबंदांना सांगायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. न्यायालयात दाखल करायला आमचं वाचन चालत नाही, कार्यालयाची प्रमाणित नक्कलच लागते. ती मिळवून देतो.

मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर फोटो काढतो आणि परत देतो. कृपा करून जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. माळ्यावरचं बोचकं सापडलं तर सोडून, साफ करून, लावून आणू नका. जसं बांधलेलं आहे तसंच आणा. कुठला कागद कशात गुंडाळून ठेवला होता, यावरूनही तो कुणी आणि का जपला ते कळतं.