डबीच्या मागची यादी कशी वाचावी

क्रीमच्या डबीवर समोर केशर असतं, बदाम असतात, कधी सोन्याचा वर्खही असतो. आत खरोखर काय आहे ते मात्र मागे, बारीक अक्षरांत. आम्ही कुडाळात कोकमाची क्रीम, लिप बाम आणि साबण बनवतो. दुकानात आणि प्रदर्शनांत येणारे बहुतेक प्रश्न या मागच्या यादीबद्दलच असतात, म्हणून हे पत्रक काढलं. आमचाच माल डोळ्यांसमोर ठेवायला हवा असं नाही. घरात जी डबी असेल ती हातात घ्या आणि सोबत वाचा.

क्रम आणि एक टक्का

आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर येतात, पण आपसांत कोणत्याही क्रमाने. उत्पादकाला जे नाव मिरवायचं असतं ते या शेवटच्या गटात सगळ्यांत पुढे ठेवता येतं, आणि तसं सर्रास होतं.

हा एक टक्का कुठे संपला हे छापलेलं नसतं. ते ओळखायची एक युक्ती आहे. यादीत 'फेनॉक्सिएथेनॉल' शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि साधारणपणे एक टक्क्याच्या आतच वापरतात. त्याच्या मागे जे काही आलं ते एक टक्का किंवा त्याहून कमी. समोर केशराचं मोठं चित्र आणि यादीत 'क्रोकस सॅटिव्हस' फेनॉक्सिएथेनॉलच्याही मागे, असं असेल तर तुम्ही पैसे कशाचे दिलेत ते तुम्हीच ठरवा. याला अपवाद आहेत. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप, अर्ध्या टक्क्याहून कमी असलं तरी काम करतं, त्यामुळे ते मागे असलं तर फसवणूक समजू नका. नायसिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप, मात्र साधारण दोन ते पाच टक्के लागतं, ते पुढेच दिसायला हवं.

आता आमच्या कोकम क्रीमची यादी बघू. पहिलं नाव 'अ‍ॅक्वा', म्हणजे पाणी. बहुतेक क्रीममध्ये अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग 'गार्सिनिया इंडिका सीड बटर'. हे आपलं मुठेल, रातांब्याच्या बियांमधून काढलेलं. थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकणात घरोघरी याचाच गोळा शेकून लावतात. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून डबीत घट्ट राहतं आणि हातावर चोळलं की मऊ होतं. 'कोकोस न्युसिफेरा ऑइल' म्हणजे खोबरेल. 'ग्लिसरीन' पाणी धरून ठेवतं. 'सेटिअरिल अल्कोहोल' वाचून पुष्कळ जण दचकतात, पण तो मेणासारखा पांढरा पदार्थ आहे आणि तेल-पाणी फुटू नये म्हणून घालतात. त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल वेगळं. ते यादीत नुसतं 'अल्कोहोल' किंवा 'अल्कोहोल डीनॅट' असं येतं. शेवटी फेनॉक्सिएथेनॉल, झँथन गम आणि सिट्रिक अ‍ॅसिड.

चेहरा तेलकट असेल, मुरुमं येत असतील तर ही क्रीम हातापायांपुरतीच ठेवा. खोबरेलाने बऱ्याच जणांची छिद्रं बुजतात. हे आम्ही दुकानातही सांगतो, मग त्या दिवशी एक डबी कमी खपली तरी चालेल.

'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं लिहिलेलं असेल तर

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे माल टिकावा म्हणून घातलेला घटक. तो नसेल तर पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू आणि बुरशी वाढणारच. घरी काढलेला कोरफडीचा गर फ्रीजमध्ये ठेवूनही थोड्याच दिवसांत वास मारू लागतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा पाण्याची क्रीम वर्षभर टिकते आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही असं कोणी म्हणालं, तर मग ती टिकते कशामुळे हे जरूर विचारा. आमच्या लिप बाममध्ये ते नाही, कारण त्यात पाण्याचा थेंबही नाही. त्यातलं 'टोकोफेरॉल', म्हणजे ई जीवनसत्त्व, तेल खवट होऊ नये म्हणून आहे.

पॅराबेन हेही प्रिझर्व्हेटिव्हच. त्याची भीती पसरली ती २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासानंतर. स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडलं होतं. त्यामुळे कर्करोग झाला असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नव्हतं. युरोपात आजही मिथाइल पॅराबेनला ०.४ टक्क्यापर्यंत परवानगी आहे, प्रोपाइल पॅराबेनवर मात्र मर्यादा कडक आहे. आम्ही पॅराबेन वापरत नाही, पण डबीवर 'पॅराबेन फ्री' असंही छापत नाही. दुसऱ्याच्या मालाची भीती घालून आपला माल विकणं आम्हाला पटत नाही. पेट्रोलियम जेलीचंही तसंच. ती आमच्याकडे मिळणार नाही, पण शुद्ध केलेली पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि त्वचेतलं पाणी उडू न देण्यात ती खरंच उत्तम आहे.

'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दामागे अनेक घटक असू शकतात. ज्यांना लगेच पुरळ येतं त्यांनी बिनवासाचाच माल घ्यावा. नैसर्गिक सुगंधी तेलंही याला अपवाद नाहीत.

यादीच नसलेली डबी

या पत्रकातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आठवड्यात रंग उजळवणारी, उत्पादकाचा पत्ता नसलेली, लायसन्स नंबर नसलेली, कोणीतरी बाहेरगावाहून आणून दिलेली क्रीम चेहऱ्याला लावू नका. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया पारा अडवतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतले बरेच जण गोरं करणाऱ्या क्रीम वापरत असल्याचं आढळलं. अशी क्रीम वापरली असेल आणि लघवीला फेस येत असेल, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज येत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा आणि क्रीमची डबी सोबत न्या.

दुसरा धोका मेडिकलच्या दुकानातला. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर ती क्रीम नसून स्टेरॉइडचं औषध आहे. गजकर्ण, खाज, वांग, मुरुमं, कशावरही शेजारणीने सुचवलं म्हणून ते लावलं जातं आणि सुरुवातीला छान वाटतं. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, तोंडावर लव वाढते आणि लावणं थांबवलं की चेहरा पेटून उठतो. अशी बरीच स्टेरॉइड मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात. बरेच दिवस लावत असाल तर मनाने बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

साबण

साबणावर 'टीएफएम' हा आकडा असतो, म्हणजे त्यातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण. पहिल्या प्रतीच्या अंघोळीच्या साबणात तो किमान ७६ टक्के लागतो. 'बाथिंग बार' लिहिलेल्या वडीत तो बराच कमी असू शकतो. 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेलाचा साबण, 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेलाचा. आमचा साबण थंड पद्धतीने, म्हणजे न उकळता, होतो, त्यामुळे तयार झालेलं ग्लिसरीन वडीतच राहतं. तरीही कुठलाही खरा साबण अल्कधर्मी असतो, आमचासुद्धा. इसब असेल किंवा चेहरा फार कोरडा पडत असेल तर साबण टाळून 'सोडियम कोकोईल आयसेथिओनेट' असलेली वडी घ्या. ती आम्ही बनवत नाही, मेडिकलमध्ये मिळेल.

घरचे उपाय आणि नवी डबी

लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे काळे डाग पडतात. गरोदरपणी रेटिनॉल असलेलं काहीही नको. कुठलीही नवी क्रीम, आमचीही, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी लावून आठवडाभर बघा.

आमच्या मालाने खाज सुटली किंवा पुरळ आलं तर वापरणं थांबवा, पण डबी फेकू नका. ती दुकानात घेऊन या. तळाशी बॅच नंबर आहे. त्या घाण्याला खोबरेल कुठून आलं, मुठेल कोणत्या मोसमाचं होतं, हे आमच्या वहीत लिहिलेलं असतं. ते पान तुम्हाला दाखवू, यादीची प्रत तुमच्या डॉक्टरांसाठी देऊ आणि पैसे परत करू.