दीडशे बारचा दावा आणि एक साधा गुणाकार

गाडी आणि अंगण धुण्यासाठी घरी प्रेशर वॉशर घ्यायचा म्हटलं, की पहिला डोळ्यांत भरतो तो बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा आकडा. एकावर 120, शेजारच्यावर 150, आणि किमतीत फरक पाचशे-हजाराचा. मग माणूस 150 वालाच उचलतो. तो आकडा खोटा असतो असं नाही, पण त्याच्या एकट्यावरून काहीच कळत नाही.

एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. गच्चीवरची टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम तेवढाच दाब मिळतो आणि पाणी फार तर सेकंदाला 14 मीटर वेगानं बाहेर पडतं. शंभर बारच्या पंपातून तेच पाणी नॉझलमधून, म्हणजे फवाऱ्याच्या अरुंद तोंडातून सुटताना सेकंदाला 140 मीटर, म्हणजे ताशी 500 किलोमीटरच्या घरात जातं. दाब शंभरपट, वेग मात्र दहापट, कारण वेग दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतो. म्हणूनच 100 बारवरून 150 वर गेलात तरी वेग वाढतो तो सुमारे 22 टक्केच.

आता गुणाकार. बार गुणिले मिनिटाला लिटर, भागिले 600: उत्तर येतं पाण्याला मिळालेली शक्ती, किलोवॅटमध्ये. 100 बार आणि 6 लिटर म्हणजे बरोबर 1 किलोवॅट. समजा खोक्यावर छापलंय: मोटर 1800 वॅट, दाब 150 बार, प्रवाह 8 लिटर. गुणाकार 1200, म्हणजे 2 किलोवॅट. विजेतून 1.8 घेणारं यंत्र पाण्याला 2 देणार कुठून? उलट मोटर आणि पंप तापण्यातच बरीच शक्ती जाते. 1.2 किलोवॅट पाण्यापर्यंत पोचले तरी चांगलं म्हणायचं. गोम अशी, की कमाल दाब आणि कमाल प्रवाह हे दोन वेगळ्या क्षणांचे आकडे आहेत आणि खोक्यावर ते शेजारी शेजारी छापलेले असतात. बघायचा तो ‘रेटेड’ किंवा ‘वर्किंग’ दाब, म्हणजे प्रत्यक्ष काम चालू असतानाचा दाब, आणि त्या दाबाला मिळणारा प्रवाह. तो कुठंच लिहिलेला नसेल, तर मी तरी ते यंत्र घेणार नाही.

प्रवाहाकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दाब मळ सुटा करतो, पण सुटलेला मळ वाहून नेतं ते पाणी. द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तसा पट्ट्यावर चालणारा एचटीपी पंप वॉशिंग सेंटरवर बऱ्याचदा 30-40 बारवरच चालतो, पण मिनिटाला वीस-पंचवीस लिटर पाणी फेकतो. त्यानं चिखल कसा भराभर उतरतो ते पाहिलंत की बारचा मोह कमी होतो.

गाडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. जोरदार फवारा मारून गाडी वाळवली तरी बोट फिरवल्यावर पुसट रेघ उमटतेच. दोष यंत्राचा नाही. पाणी कितीही वेगात असलं तरी पत्र्याला अगदी लागून असलेला त्याचा अतिपातळ थर जवळजवळ जागचा हलत नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं. त्या थरात दडलेल्या बारीक धुळीला आणि तेलकट थराला वरून धावणाऱ्या पाण्याचा पुरेसा धक्का लागतच नाही. तिथं शाम्पूचा फेस आणि मऊ कापडच हवं. फवाऱ्याचं खरं काम त्याआधीचं: मडगार्डखालचा चिखल पाडणं आणि वाळूचे कण उडवून लावणं, म्हणजे कापड फिरवताना रंगावर ओरखडे उठत नाहीत. एवढ्यासाठी 80-100 बार पुष्कळ झाले.

नॉझलची निवड त्याहून महत्त्वाची. फवारा किती अंशात पसरतो ते रंगावरून कळतं. प्रचलित संकेत असा: लाल शून्य अंशाचं, पिवळं 15, हिरवं 25, पांढरं 40. हिरव्याचा पंखा 30 सेंटिमीटरवर सुमारे 13 सेंटिमीटर रुंद होतो. अंतर निम्मं केलं की पट्टा निम्मा आणि मारा किमान दुप्पट. गाडीला हिरवं किंवा पांढरं, हातभर लांबून. टायरच्या बाजूला आणि रेडिएटरच्या पातळ पत्त्यांवर जवळून मारू नये. पुन्हा रंगवलेल्या बंपरचा तर पापुद्राच निघतो. लाल नॉझल घरात लागत नाही. त्याची धार कातडी फोडून आत शिरते आणि बाहेरून बारीक दिसणारी ती जखम थेट डॉक्टरांकडं न्यावी लागते.

अंगणाचं गणित वेगळं. पावसाळ्यानंतर बुळबुळीत झालेल्या सिमेंट काँक्रीटवर पिवळं नॉझल बिनधास्त चालवा. पेव्हर ब्लॉकवर धार तिरकी धरा, नाहीतर सांध्यांतली वाळू उडते आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. कोकणातल्या जांभ्याला मात्र जपायला हवं. हा दगड सच्छिद्र. खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवेवर कडक होतो. त्याच्या भोकांत भरलेली मऊ माती फवाऱ्यानं धुपते, दरजांमधला चुनाही सुटतो. तिथं रुंद पंखा, लांबचं अंतर आणि आधी ब्रशनं खरवडणं बरं. शहाबादी फरशी चुनखडकाची, तिचे पापुद्रे निघतात. तिच्यावर ॲसिड तर अजिबात नको.

मोटर दोन प्रकारची. कार्बन ब्रशवाली हलकी, स्वस्त आणि कर्कश. इंडक्शन मोटर जड, महाग, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. महिन्यातून दोनदा वापरणाऱ्याला पहिली पुरते. सोसायटीत रविवारी सकाळी चालवणार असाल तर दुसरीचा विचार करा. 1800 वॅटचं यंत्र 8 अँपिअरच्या आसपास ओढतं, म्हणून 16 अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट हवा. ओल्यात काम असल्यानं आरसीसीबीही, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विचही हवाच.

पाणी किती लागतं? मिनिटाला 6 लिटरच्या यंत्राची गन दहा मिनिटं चालली तर 60 लिटर. उघड्या पाइपापेक्षा कमी, पण तीन बादल्यांपेक्षा जास्त. टँकरवर असलेल्या सोसायटीत उन्हाळ्यात बादलीच बरी.

बादलीतून किंवा पिंपातून पाणी ओढायचं असेल तर ‘सेल्फ सक्शन’ आहे का ते आधी विचारा, आणि चालू करण्यापूर्वी पाइप पाण्यानं भरून घ्या. पंपानं हवा धरली की दाब धडधडत खालीवर होतो. पाणी अपुरं पडलं तर पंपात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना आतला धातू कुरतडतात. बोअरच्या पाण्यातली रेती अडवायला जाळी लागतेच. काम संपल्यावर आधी मोटर बंद, मग नळ बंद, आणि मग गनचा खटका दाबून आतला दाब सोडायचा. तो तसाच राहिला तर सील ताणाखाली राहतात आणि पाइप काही केल्या निघत नाही.