एसईलिनक्स कर्नलमध्ये कसं आलं: पार्श्वभूमी

एसईलिनक्स ही लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसवलेली सुरक्षा यंत्रणा; कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ती सक्तीने ठरवते. तिची गरज का पडली ते आधी पाहू. लिनक्स ज्या धर्तीवर बांधलं गेलं त्या युनिक्सच्या मूळ पद्धतीत फाइल कोणाला उघडू द्यायची हे तिचा मालक ठरवतो आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, तर कुठेच आडकाठी नसते. रूटच्या अधिकाराने चालणारी एखादी सेवा हल्लेखोराच्या हाती लागली की सगळी सिस्टीम गेली. हे मालकाच्या मर्जीवर न सोडता नियम सिस्टीमनेच सक्तीने लावावेत, या विचाराला १९७०च्या दशकात बेल आणि लापादुला यांनी अमेरिकी हवाई दलासाठी गणिती रूप दिलं. त्यात भर होता गोपनीयतेच्या श्रेणींवर. वेब सर्व्हरला वेसण घालायला तेवढं पुरेसं नव्हतं.

पुढे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने युटा विद्यापीठासोबत फ्लास्क ही रचना घडवली. परवानगीचा निर्णय एका भागाने घ्यायचा, अंमल दुसऱ्याने करायचा. हीच रचना लिनक्सवर आणून एनएसएने डिसेंबर २०००मध्ये एसईलिनक्स खुलं केलं. २००१च्या कर्नल समिट या कर्नल विकसकांच्या बैठकीत मात्र लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एकाच पद्धतीला झुकतं माप द्यायचं नाकारलं. कुठलंही सुरक्षा मॉड्यूल जोडता येईल अशी सामायिक चौकट हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून एलएसएम (लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स) ही चौकट उभी राहिली. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वात शहाणा निर्णय वाटतो, कारण पुढे स्मॅक, टोमोयो आणि ॲपआर्मर या इतर सुरक्षा मॉड्यूल्सनाही त्याच दारातून आत येता आलं. एसईलिनक्स २००३मध्ये २.६ मालिकेसोबत मुख्य कर्नलमध्ये दाखल झालं.

खरी अडचण पॉलिसीची, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं या नियमावलीची, होती. फेडोरा कोअर २ या लिनक्स वितरणाची कडक पॉलिसी रोजच्या वापराला इतकी जाचक होती की एसईलिनक्स बंदच ठेवून दिलं गेलं. त्याच वर्षी, २००४मध्ये, फेडोरा कोअर ३ने फक्त निवडक नेटवर्क सेवांना बांधणारी ‘टार्गेटेड’ पॉलिसी आणली आणि एसईलिनक्स मुळातच चालू ठेवलं.

तरी तक्रारी थांबल्या नाहीत. एसईलिनक्स प्रत्येक फाइलला तिचा प्रकार सांगणारं लेबल लावतं. होम डिरेक्टरीतली फाइल ‘एमव्ही’ या कमांडने वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवली, की तिचं जुनं लेबल तिच्यासोबतच येतं. मग परवानग्या ७७७, म्हणजे सर्वांना खुल्या, केल्या तरी अपाची हा वेब सर्व्हर ती वाचू शकत नाही. ‘रिस्टोअरकॉन’ ही कमांड चालवून लेबल दुरुस्त केलं की काम होतं, पण हे ठाऊक नसलेल्या अनेकांनी एसईलिनक्सच बंद करून टाकलं.

अँड्रॉइडने ४.३मध्ये एसईलिनक्स आधी केवळ नोंदी करणाऱ्या परमिसिव्ह मोडमध्ये आणलं आणि २०१४च्या ५.० आवृत्तीत पूर्ण सक्ती लागू केली. २०२३च्या ६.४ कर्नलने तर बूट झाल्यानंतर एसईलिनक्स पूर्ण बंद करण्याची सोयच काढून टाकली. आता त्यासाठी बूट पॅरामीटरच द्यावा लागतो.