दुर्मीळ मांसल गुरांचे हिवाळी संगोपन (ब्रिटन)

ब्रिटनमधील छोट्या शेतांवर मांसासाठी पाळलेल्या दुर्मीळ देशी वाणांच्या गुरांना गवत वाढत नसलेल्या काळात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, निभावून नेण्याची पद्धत. हायलँड, गॅलोवे आणि तिचाच पोटाभोवती पांढरा पट्टा असलेला प्रकार बेल्टेड गॅलोवे, शेटलंड, व्हाइट पार्क, तसेच मूळचे आयर्लंडचे ठेंगणे डेक्स्टर हे यातले परिचित वाण होत. त्यांपैकी काहींची संख्या आता बरीच सावरली आहे. अशा शेतावर गुरे मोजकीच असतात आणि मालकाची नोकरी अनेकदा दुसरीकडे असते. उत्तर स्कॉटलंडमध्ये डिसेंबर अखेरीस दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असल्याने वैरणपाण्याचे बरेचसे काम अंधारातच उरकावे लागते.

हे वाण मागे पडले ते त्यांच्या संथ वाढीमुळे. 1961 मध्ये फ्रान्समधून शारोले वळू आले, पुढे लिमूझँ आले, आणि झटपट वजन धरणाऱ्या संकरित गुरांनी बाजार व्यापला. देशी वाण टिकवण्यासाठी 1973 मध्ये रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट ही संस्था निघाली. ‘मॅड काऊ’ रोगामुळे 1996 ते 2005 या काळात तीस महिन्यांवरील गुरांचे मांस खाद्यसाखळीत येऊ दिले जात नव्हते, तो नियम उशिरा तयार होणाऱ्या वाणांना विशेष जाचला. 2001 च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत नैर्ऋत्य स्कॉटलंडमधले बेल्टेड गॅलोवेचे कळप कापले गेले. मात्र बाजाराने जो दोष मानला तोच हिवाळ्यात कामी येतो. लहान चणीची, हळू वाढणारी गाय कमी खाते आणि निकृष्ट गवतावरही तग धरते. ‘काटक’ या एका शब्दात हे सगळे गुंडाळले जाते, पण काटकपणाला मर्यादा आहेत. नॉर्थंबरलंडमधल्या चिलिंगहॅमच्या जवळजवळ रानटी अवस्थेतील पांढऱ्या कळपात 1947 च्या हिवाळ्यानंतर अवघी 13 जनावरे उरली होती.

थंडीला तोंड देण्याचे मुख्य साधन म्हणजे केस. हायलँड आणि गॅलोवे यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : पाणी निथळून जाईल असा लांब, राठ बाहेरचा आणि ऊब धरणारा मऊ आतला. पाठीवर पडलेला बर्फ न वितळता तसाच राहिला तर अंगातली ऊब बाहेर जात नाही असे समजावे; नवखा माणूस नेमका तोच बर्फ पाहून घाबरतो. दाट हिवाळी केस कोरडे असलेल्या मांसल गायीला उणे 8° से. च्या आसपासपर्यंत जादा ऊर्जा लागत नाही. तीच गाय भिजली की ही मर्यादा एकदम 15° से. पर्यंत वर येते, आणि त्याखाली प्रत्येक अंशाला ऊर्जेची गरज सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. म्हणून कडक हिमापेक्षा शून्याच्या जरा वरचा, वाऱ्यासकट येणारा पाऊस गुरांना जास्त जड जातो. वारा अडवणारी दगडी भिंत, कुंपणाची दाट झुडपे किंवा झाडांचा पट्टा एवढा आडोसा कोरड्या जागी पुरतो.

दुसरी शेगडी पोटात असते. कोठीपोटातले सूक्ष्मजीव तंतुमय वैरण आंबवतात तेव्हा उष्णता निर्माण होते, म्हणून थंडीची लाट येणार असली की धान्यापेक्षा सुके गवत वाढवतात. सर्वसाधारणपणे गायीला रोज वजनाच्या सुमारे 2 टक्के कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारी वैरण, लागतो. 500 किलोच्या गायीला 10 किलोच्या आसपास. उन्हाळ्यात पावसाने दगा दिला की गवत नीट वाळत नाही, मग ते अर्धवट सुकवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात किंवा त्याचा मुरघास करतात. काही जण शरद ऋतूत एखादे कुरण राखून ठेवतात व उभे वाळलेले गवत जानेवारीपर्यंत चारतात.

गाय शरद ऋतूत चरबी साठवते आणि हिवाळ्यात ती थोडी खर्च करते, हे या वाणांच्या बाबतीत गृहीतच धरलेले असते. ब्रिटनमध्ये अंगलट, म्हणजे अंगावरची चरबी, 1 (अगदी रोड) ते 5 (फार लठ्ठ) या मापाने ठरवतात. हिवाळ्याच्या तोंडाशी 3 असलेली गाय विताना अडीचवर आली तर बिघडत नाही. उलट फार लठ्ठ गाय विताना अडते. पण लांब केस डोळ्यांना फसवतात. हायलँड गाय लांबून गुबगुबीत दिसते आणि कंबरेच्या हाडांवर हात दाबून पाहिले की खरी स्थिती कळते. मधूनमधून गुरे हाताखालून घालण्याला म्हणूनच पर्याय नाही.

बाहेर ठेवलेल्या कळपाचा खरा शत्रू चिखल. फाटक, पाण्याचे टाके आणि वैरणीचे गोल कडे यांभोवतीची जमीन खुरांनी तुडवली जाऊन तिचा राडा होतो, गवताची मुळे मरतात आणि वसंतात तिथे तणच उगवते. कडे दर काही दिवसांनी हलवणे, गासड्या शरद ऋतूतच कोरड्या उंचवट्यावर मांडून ठेवणे असे उपाय करतात. जड चिकणमातीच्या शेतावर मात्र गुरे गोठ्यात घेणेच शहाणपणाचे. गोठा उबदार असण्यापेक्षा हवेशीर असावा, कारण कोंदट दमट जागेत केसाळ गुरांना घाम येतो आणि वासरांना न्यूमोनिया होतो. लांब शिंगांची हायलँड गुरे नेहमीच्या दांड्यांच्या गव्हाणीत डोके घालू शकत नाहीत. शिवाय दांडगी गाय दुबळीला शिंगांनी हुसकते, त्यामुळे खायला जागा ऐसपैस ठेवावी लागते. उवा आणि पाणथळ कुरणातून येणारा लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा कृमी) हे या दिवसांतले नेहमीचे त्रास.

पाण्याचे काम कंटाळवाणे, पण टळत नाही. सुकी वैरण खाणारी गाय कमी पाणी प्याली तर तिचे खाणेही घटते. नळ गोठले की बर्फ फोडणे आणि बादल्या वाहणे सकाळ-संध्याकाळ चालते.

गाभणकाळ सुमारे 283 दिवसांचा असल्याने जुलैमध्ये सोडलेल्या वळूची वासरे एप्रिलमध्ये, गवत फुटता फुटता जन्मतात. वासरे लहान असल्याने या गाई बहुधा आपल्या आपण वितात. भिजलेल्या, गारठलेल्या वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळतो का, इकडे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते.

देशी गुरे कत्तलीला यायला अडीच-तीन वर्षे लागतात, म्हणजे प्रत्येक जनावरामागे दोन किंवा तीन हिवाळे पोसावे लागतात. विकतची वैरण आणि पेंढा यांत नफा सहज बुडतो. त्यामुळे बाहेर, स्वस्तात हिवाळा काढता येणे हाच या धंद्याचा आधार आहे. मुरमाड माळ आणि राखीव निसर्गक्षेत्रे चारून देण्याचे मोलही काहींना मिळते, कारण गॅलोवेसारखी गुरे इतरांनी टाकलेले राठ गवत खातात. मांस बहुतेक थेट गिऱ्हाइकाला विकले जाते, तीन-चार आठवडे टांगून मुरवलेले. त्यासाठी जवळ छोटा कत्तलखाना लागतो. असे कत्तलखाने दशकानुदशके बंद पडत आले आहेत आणि मोठ्यांपैकी काही लांब शिंगांची जनावरे घेत नाहीत, तेव्हा हिवाळा नीट पार पडूनही विक्री अडते.