तालिबानला पाठिंबा आहे का, हे न विचारता कसं मोजायचं?

२०११च्या जानेवारी-फेब्रुवारीत अफगाणिस्तानातल्या हेलमंद, खोस्त, कुनार, लोगार आणि उरुझगान या पाच पश्तूनबहुल प्रांतांत एक जनमत पाहणी झाली. २१ जिल्हे, २०४ गावं, २,७५४ उत्तरदाते. सगळे पुरुष, कारण परक्या माणसानं घरातल्या बाईची मुलाखत घेणं तिथे रीतीत बसत नव्हतं. म्हणजे निम्मी लोकसंख्या पहिल्याच पायरीवर गळाली. पुढचे सगळे आकडे 'पश्तून पट्ट्यातल्या पुरुषांचे' म्हणूनच वाचायचे.

जेसन लायल, ग्रेम ब्लेअर आणि कोसुके इमाई या अभ्यासकांना हवं होतं ते एवढंच: लोक कोणाच्या बाजूचे आहेत, नाटोच्या नेतृत्वाखालच्या आयसॅफ फौजेच्या की तालिबानच्या? प्रश्न साधा आहे, पण तो विचारता येत नाही. दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला 'हो, तालिबानला पाठिंबा आहे' म्हणावं तर फौजेची भीती, 'नाही' म्हणावं तर तालिबानची. त्यात गावातली मुलाखत एकांतात होईल याचा भरवसा नाही. चार माणसं ऐकायला जमतातच. अशा वेळी कोणी मुलाखतच नाकारतो, कोणी 'माहीत नाही' म्हणतो, कोणी समोरच्याला रुचेल ते सांगतो. पहिले दोन प्रकार निदान आकडेवारीत दिसतात. तिसरा दिसत नाही, आणि खरी गडबड तोच करतो.

यावरचा एक उपाय म्हणजे यादी-प्रयोग. आधी उत्तरदात्यांचे निव्वळ योगायोगानं गट पाडायचे. पहिल्या गटाला तीन नावं वाचून दाखवायची: करझाई सरकार, राष्ट्रीय एकता कार्यक्रम (ही गावविकासाची सरकारी योजना) आणि स्थानिक शेतकरी. दुसऱ्या गटाला हीच तीन, वर चौथं 'परदेशी फौजा', म्हणजे आयसॅफ. मग विचारायचं, यांपैकी कितींना तुमचा पाठिंबा आहे? कोणाकोणाला ते सांगू नका, फक्त आकडा सांगा. 'दोन' म्हणणाऱ्याच्या मनातले दोन कोण, हे मुलाखतकारालाही कळत नाही. पण गट योगायोगानं पाडलेले असल्यामुळे दोन्ही गटांच्या सरासरीत जो फरक पडेल, तो त्या चौथ्या नावाचा, असं धरता येतं.

प्रत्यक्षात काय आलं? प्रत्येक गटात ९१८ जण होते. तीन नावांच्या गटात १८८ जणांनी शून्य सांगितलं, २६५ जणांनी एक, २६५ जणांनी दोन आणि २०० जणांनी तीन. सरासरी १.५२. परदेशी फौजांचं नाव जोडलेल्या गटात शून्य म्हणणारे १७४, एक २७८, दोन २६०, तीन १८२ आणि चार म्हणणारे २४. सरासरी १.५७. नेमका फरक ०.०४९. म्हणजे आयसॅफला सुमारे ५ टक्के पाठिंबा.

बातमीचा मथळा इथेच तयार होतो, आणि इथेच हात आवरायला हवा. वरच्याच आकड्यांवरून या फरकाची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगानं आकडा साधारण किती हलू शकतो, त्याचं माप) काढली तर ती जवळजवळ ०.०५ येते. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट अंतर धरायचं असतं, म्हणजे खरं उत्तर उणे ५ ते अधिक १५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. पाठिंबा उणे असू शकत नाही हे उघड आहे. पण शून्यापेक्षा जास्त आहे असंही या फरकाच्या जोरावर छातीठोक म्हणता येत नाही. ९१८ जणांना थेट विचारलं असतं आणि सगळे खरं बोलले असते, तर ५ टक्क्यांवरची चूक जेमतेम दीड टक्का इकडे किंवा तिकडे असती. यादीच्या पद्धतीनं तेवढी अचूकता गाठायला जवळपास ४८ पट माणसं लागतील. एकाच गावातल्या लोकांची मतं एकमेकांसारखी असतात, हे हिशेबात धरलं तर बहुधा त्याहूनही जास्त. उत्तरदात्याला दिलेल्या आडोशाची ही किंमत आहे, आणि ती भरल्याशिवाय आडोसा मिळत नाही.

तिसऱ्या गटाच्या यादीत चौथं नाव तालिबानचं होतं. त्या गटाची उत्तरं अशी: एक म्हणणारे ४३३, दोन २८७, तीन १९८. शून्य म्हणणारा एकही नाही. चार म्हणणाराही एकही नाही.

सरासरी काढली तर ती १.७४ येते. पहिल्या गटाशी फरक ०.२२, म्हणून 'तालिबानला २२ टक्के पाठिंबा' असं कोणी लिहूनही टाकेल. हा आकडा निव्वळ खोटा आहे. पहिल्या गटात २० टक्के लोकांचा तिन्हींपैकी कोणालाच पाठिंबा नव्हता. गट योगायोगानं पाडलेले असल्यामुळे तिसऱ्या गटातही असे साधारण २० टक्के असणारच. त्यांतला प्रत्येक जण तालिबानचा समर्थक असेल, तरच शून्याची जागा रिकामी राहील. दुसऱ्या टोकाला, तिन्हींना पाठिंबा देणाऱ्या जवळपास २२ टक्क्यांपैकी एकही तालिबानचा समर्थक नसेल, तरच चाराची जागा रिकामी राहील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं अशक्यप्राय. खरं कारण साधं आहे: शून्य म्हणजे 'तालिबानलाही नाही' आणि चार म्हणजे 'तालिबानलाही हो'. ही दोनच उत्तरं माणसाला उघडी पाडतात, म्हणून लोकांनी दोन्ही टाळली. अक्षरओळख असो वा नसो, हे गणित ९१८ जणांना बरोबर कळलं.

म्हणून यादी-प्रयोगात सरासरीच्या आधी वाटणी, म्हणजे कोणता आकडा किती जणांनी सांगितला ते, बघायची. आणि यादी रचतानाच काळजी घ्यायची: एक नाव असं हवं की ते जवळजवळ सगळ्यांना मान्य असेल, एक असं की फारच थोड्यांना, आणि दोन अशी की एक आवडणाऱ्याला दुसरं सहसा आवडत नाही. म्हणजे बहुतेक उत्तरं मधोमध पडतात. या यादीत मुळातच ४० टक्क्यांहून जास्त लोक दोन टोकांना होते. 'स्थानिक शेतकरी' यांना पाठिंबा न देणारे इतके निघतील, असं कागदावर कोणाला वाटलं असतं?

त्याच पाहणीत दुसरी पद्धतही होती, आणि मुख्य भार तिच्यावर होता: समर्थन-प्रयोग. यात कोणत्याही गटाबद्दल मत विचारतच नाहीत. तुरुंगसुधारणा, जिल्हा परिषदांच्या थेट निवडणुका, निवडणूक आयोगातले बदल, भ्रष्टाचारावरची देखरेख, अशा चार प्रस्तावांबद्दल विचारतात: तुम्हाला हे कितपत पटतं? उत्तर पाच पायऱ्यांवर. काहींना नुसता प्रस्ताव सांगतात, काहींना 'परदेशी फौजांनी मांडलेला' असं जोडून, काहींना 'तालिबाननं मांडलेला' असं जोडून. प्रस्ताव तोच, फक्त मांडणारा बदलला; तेवढ्यानं पसंती वाढली किंवा घसरली तर ती त्या नावाची पुण्याई किंवा बदनामी. प्रश्न चार घेतात, कारण एकाच प्रश्नावर त्या प्रस्तावाच्या बऱ्या-वाईटाचाच प्रभाव जास्त पडतो. प्रस्तावही असे निवडावे लागतात की दोन्ही बाजू ते मांडू शकतील हे पटावं, आणि लोकांचं मत आधीच एका टोकाला नसावं. सगळ्यांनाच शंभर टक्के मान्य असलेल्या गोष्टीची पसंती आणखी वाढणार कुठे? उणीव ही की उत्तर टक्केवारीत मिळत नाही. कोणाचं पारडं कोणत्या लोकांत जड, एवढंच कळतं.

तेवढ्यावरही मोठी गोष्ट हाती लागली. आदल्या वर्षात आयसॅफकडून झळ सोसलेले ३७ टक्के होते, तालिबानकडून ३३ टक्के; यांत सुमारे २० टक्क्यांनी दोन्हीकडून सोसली होती. आयसॅफकडून झळ बसलेल्यांत आयसॅफचा पाठिंबा कमी होता आणि तालिबानचा जास्त. तालिबानकडून झळ बसलेल्यांत मात्र तालिबानचा पाठिंबा थोडाच कमी होता, आणि त्याचा फायदा आयसॅफला मिळत नव्हता. आपल्यातल्यानं मारलं तर चूक किंवा नाइलाज, परक्यानं मारलं तर तो त्याचा स्वभावच, असा हा हिशेब. मात्र झळ कोणाला बसली हे काही चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. जिथे तालिबानचा जोर आधीपासून होता तिथेच फौजेची कारवाई जास्त झाली असेल, ही शंका आकडेशास्त्रानं कमी करता येते, पुसता येत नाही.

२००९मध्ये पाकिस्तानात ६,००० जणांच्या पाहणीत हीच समर्थनाची पद्धत वापरली गेली. प्रश्नांत पोलिओ लसीकरणाची योजनाही होती. गरिबीतून दहशतवाद्यांना पाठिंबा मिळतो या रूढ समजाच्या उलट, मध्यमवर्गापेक्षा गरीब लोकच, त्यातही शहरी गरीब, या गटांवर जास्त नाराज निघाले.

नायजेरियात सशस्त्र गटांशी असलेल्या ओळखींबद्दल विचारताना फासा वापरला. उत्तरदाता लपवून फासा टाकतो: १ पडला तर काहीही असो, 'नाही' म्हणायचं, ६ पडला तर 'हो', बाकी आकड्यांवर खरं सांगायचं. १०० पैकी ३० 'हो' आले, तर त्यातले सुमारे १७ फाशाचे. उरलेले १३ भागिले दोन-तृतीयांश, म्हणजे २० टक्के. पद्धत गणितात निर्दोष आहे, पण सशस्त्र गटातल्या कोणाला ओळखता का, या प्रश्नाला केवळ ६ पडला म्हणून 'हो' म्हणायला सांगणं सोपं नाही. नियम मोडून 'नाही' म्हणणारे जितके, तितका आकडा खाली.

रशियात २०१५मध्ये दुसऱ्या काही अभ्यासकांच्या यादी-प्रयोगानं पुतिन यांचा पाठिंबा सुमारे ८० टक्के दाखवला, थेट प्रश्नापेक्षा काही टक्क्यांनीच कमी. २०२०-२१मध्ये त्याच अभ्यासकांनी पुन्हा मोजलं तेव्हा ही तफावत बरीच वाढलेली दिसली. लोक घाबरून खोटं बोलताहेत, असं म्हणायला मोह व्हावा अशीच ही आकडेवारी. पण ज्या नावांबद्दल बोलायला कोणी घाबरणार नाही, त्यांच्यासाठीही याद्या करून पाहिल्या, तेव्हा आकडे तिथेही खाली आले. लांब यादी ऐकताना लोक कमीच मोजतात. त्यामुळे पुतिन यांच्या तफावतीत भीती किती आणि मोजण्यातली घसरण किती, हे त्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.