न्हावा शेवाचे ते १३३ कंटेनर आणि कचरा आयातीचे नियम

उलवे, द्रोणागिरी साइडला राहणाऱ्यांना कंटेनरच्या रांगा काही नवीन नाहीत, पण त्या डब्यांतून काय आणायला बंदी आहे आणि ती बंदी आली कुठून हे फार कमी जणांना माहितीये, म्हणून लिहितोय.

१९८० च्या आसपास अमेरिका-युरोपात घातक कचऱ्याचे नियम कडक झाले, विल्हेवाटीचा खर्च वाढला, आणि तो माल गरीब देशांकडे निघाला. १९८६ ला खियान सी नावाचं जहाज फिलाडेल्फियाच्या कचरा जाळायच्या भट्टीतली राख घेऊन निघालं, कुठलाच देश उतरवू देईना, शेवटी १९८८ ला हैतीच्या किनाऱ्यावर 'खत आहे' असं सांगून हजारो टन राख ओतली आणि जहाज पसार, उरलेली गेली समुद्रात. त्याच वर्षी नायजेरियातल्या कोको गावात इटलीचे विषारी ड्रम सापडले, एकाच्या आवारात ठेवलेले, भाडं महिन्याला फक्त १०० डॉलर! जगभर बोंब झाली आणि मार्च १९८९ ला बासेल करार झाला, म्हणजे घातक कचरा एका देशातून दुसऱ्यात नेण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच वर्षी आपल्याकडे घातक कचऱ्याचे पहिले नियम आले आणि मे महिन्यात न्हावा शेवाचं बंदर, म्हणजे जेएनपीटी, सुरू झालं.

पण बासेलने सरसकट बंदी घातलीच नव्हती, आधी कळवा आणि लेखी परवानगी घ्या एवढंच. श्रीमंत देशांनी गरीब देशांत घातक कचरा पाठवायचाच नाही ही दुरुस्ती १९९५ ला झाली आणि लागू कधी झाली, तर डिसेंबर २०१९ ला. चोवीस वर्षं गेली, मला तर हे अक्षम्य वाटतं.

मधल्या काळात आपल्या बंदरात काय झालं बघा. कागदावर ल्युब्रिकेटिंग ऑइल दाखवून प्रत्यक्षात वापरलेलं, घातक वेस्ट ऑइल आणलं गेलं. घातक कचऱ्यावर १९९५ पासूनच सुप्रीम कोर्टात केस चालू होती, त्यात हे प्रकरण आलं, सॅम्पल तपासले, आणि असे १३३ कंटेनर निघाले. ते परत पाठवायचे की इथेच नष्ट करायचे यावर वाद, आणि तोवर माल पडून, तोही कोळीवाड्यांच्या शेजारी. जानेवारी २००५ ला कोर्टाने सांगितलं की देखरेखीखाली जाळून टाका, खर्च आयातदारांचा.

पुढे २०१८ ला चीनने दार बंद केलं तसा जगाचा प्लास्टिक कचरा दुसरीकडे वळला, मग २०१९ ला भारतानेही प्लास्टिक कचऱ्याची आयात पूर्णपणे बंद केली. घरगुती कचरा, वापरलेली क्रिटिकल केअरची मेडिकल उपकरणं, थेट परत वापरायचे जुने टायर हे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आधीच बंद होते. त्याच नियमांत असंही आहे की बेकायदा कचरा आला तर आयातदाराने तो स्वतःच्या खर्चाने ९० दिवसांत परत पाठवायचा. असं तेव्हाच झालं असतं तर ते १३३ डबे इथे इतकी वर्षं राहिलेच नसते.